तुपाची वाटी आणि वजनाचा काटा

आपल्या घरांतून वजन कमी करायचा विषय निघाला, की पहिला बळी जातो तो तुपाच्या भांड्याचा. साखरेचा डबा जागेवरच राहतो, बिस्किटांचे पुडे येतच राहतात, पण तुपाचं भांडं मात्र मागच्या फळीवर जातं. पाठोपाठ तेलाचा नंबर लागतो, मग दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं. चरबी खाल्ली की चरबी वाढते, हे गणित इतकं सोपं वाटतं, की ते तपासून बघावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

हे गणित गेल्या वर्षी आमच्या घरात शिरलं आणि सहा महिने मुक्काम ठोकून राहिलं. त्याची ही हकिकत.

आम्ही इंदूरचे. चार पिढ्यांपासून इथेच. इंदूर म्हणजे खवय्यांचं शहर, हे वेगळं सांगायला नको. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी वरणात शेव, संध्याकाळी कचोरी आणि रात्री सराफ्यात गराडू, भुट्ट्याचा कीस. इथे पाहुण्याला आधी पाणी आणि लगोलग नमकीनची बशी. अशा गावात राहून वजन आटोक्यात ठेवणं म्हणजे पावसात उभं राहून कोरडं राहण्यासारखं.

घरात आम्ही चौघं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, हे, मी आणि आमची लेक. लेकीचं लग्न ठरलं, पाच महिन्यांनंतरची तारीख निघाली आणि तिने जाहीर केलं, ‘मी दहा किलो वजन कमी करणार.’ वय चोवीस, वजन अडुसष्ट किलो. उंचीच्या मानाने थोडं जास्त होतं, हे खरंच. त्यामुळे घरात कुणी विरोध केला नाही.

ती शहरातल्या एका ‘सडपातळ करून देणाऱ्या’ केंद्रात गेली आणि छापील कागद घेऊन आली. कागदावर वरच्याच ओळीत ठळक अक्षरात होतं : तेल, तूप, लोणी, साय, खोबरं, दाणे, तीळ, बदाम पूर्ण बंद. खाली लिहिलेलं अन्नही पाखराला पुरेल एवढंच. उकडलेल्या भाज्या, साय काढलेलं दूध, कोरडा फुलका, काकडी.

### सहा आठवडे, नऊ किलो

काटा मात्र भराभर उतरला. सहा आठवड्यांत नऊ किलो! मैत्रिणी कौतुक करू लागल्या, शिंप्याकडचे ब्लाउज सैल झाले. लेक आनंदात होती.

आनंदात नव्हत्या त्या सासूबाई. रात्री वरण-भात वाढला, की त्यावर तुपाची धार सोडायची ही त्यांची चाळीस-पन्नास वर्षांची सवय. नात ताटावर हात आडवा धरायची. ‘आजी, नको गं, तूप बघूनच मला भीती वाटते.’ सासूबाई काही बोलायच्या नाहीत. पण काही दिवसांनी त्यांनी नातीबरोबर जेवायला बसणंच सोडलं. ‘मला भूक नाही, तुम्ही घ्या उरकून,’ म्हणायच्या. ज्या घरात प्रेम तोंडाने बोलत नाहीत, पळीने वाढतात, तिथे पळीला नको म्हटलं की माणसाला नको म्हटल्यासारखं होतं.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके. हाता-पायांची कातडी पांढरी, भेगाळलेली. मे महिन्यात, इंदूरच्या उन्हाळ्यात, हिला पंख्याखाली थंडी वाजायची. चिडचिड इतकी, की होणाऱ्या जावईबुवांचाही फोन तिने एकदा आपटून ठेवला. दोन महिने पाळी आली नाही, हे तिने मला फार उशिरा सांगितलं.

आणि एका रात्री दीड वाजता ती पोट धरून उठली. उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीपर्यंत जाणारी. सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी करायला पाठवलं. पित्ताशयात दाट गाळ साठला होता. खडे अजून झालेले नव्हते, पण वाट तीच होती.

मी विचारलं, ‘डॉक्टर, हिने तर तेलाचा थेंब खाल्ला नाही. मग पित्ताचा त्रास कसा?’

त्या म्हणाल्या, ‘ताई, थेंब खाल्ला नाही म्हणूनच.’

### पित्ताशयाला काम हवं

त्यांनी समजावलं ते असं. यकृत पित्तरस तयार करतं आणि पित्ताशय तो साठवून ठेवतं. जेवणात स्निग्ध पदार्थ आला, की आतड्यातून निरोप जातो, पित्ताशय आकुंचन पावतं आणि रस बाहेर सोडतं. जेवणात स्निग्ध काही आलंच नाही, तर निरोप जात नाही. रस आतल्या आत साचून दाट होतो. त्यातच वजन झपाट्याने उतरत असेल, तर यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. दाट रस आणि जादा कोलेस्टेरॉल, म्हणजे खडे होण्याची पूर्ण तयारी. फार वेगाने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताचे खडे होतात, ही डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातली गोष्ट आहे.

पाळी थांबणं, केस गळणं, थंडी वाजणं याचं खापर मात्र त्यांनी एकट्या तेल-तुपावर फोडलं नाही. ‘बेटा, तू एकूणच फार कमी खाते आहेस,’ त्या लेकीला म्हणाल्या. ‘शरीराला वाटलं दुष्काळ पडला. दुष्काळात शरीर आधी केस, कातडी आणि पाळी यांवरचा खर्च कापतं.’

स्निग्ध पदार्थांची शरीराला गरज असते, हे काही आजचं ज्ञान नाही. 1929 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या पती-पत्नींनी उंदरांना स्निग्धांशाशिवायचं अन्न दिलं. बाकी सगळं पोटभर. तरीही उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खवले आले, शेपट्या झडू लागल्या. स्निग्धातलं एक विशिष्ट आम्ल, लिनोलेइक आम्ल, थोडंसं दिल्याबरोबर ते सुधारले. हे आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. म्हणून अशा आम्लांना ‘आवश्यक’ म्हणतात. आज आपण ज्यांना ओमेगा-6 आणि ओमेगा-3 म्हणतो, ती हीच मंडळी.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्वांची. अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं पाण्यात नव्हे, स्निग्धात विरघळतात. गाजराचा रंग ज्याने येतो त्या कॅरोटीनचंही तसंच. 2004 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही जणांना कोशिंबीर खायला दिली. कधी तेल घातलेली, कधी बिनतेलाची. बिनतेलाच्या कोशिंबिरीतलं कॅरोटीन रक्तात जवळजवळ उतरलंच नाही! आपल्या आज्या गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी आणि दाण्याचं कूट का घालत होत्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या असत्या ‘चवीला’. पण त्या चवीत शहाणपण होतं.

### तूप शत्रू कसं झालं?

मग हे तेल-तुपाचं भय आलं कुठून? त्याचं मूळ अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हृदयविकाराने मध्यमवयीन माणसं पटापट जाऊ लागली. त्याच मिनेसोटा विद्यापीठातले अँसेल कीज यांनी 1958 साली सात देशांतल्या पुरुषांचा मोठा अभ्यास सुरू केला. प्राण्यांपासून मिळणारं, थंडीत गोठणारं म्हणजे संपृक्त स्निग्ध जास्त, तिथे हृदयविकार जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. 1961 च्या जानेवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं. 1977 साली अमेरिकी सिनेटच्या समितीने जनतेला स्निग्ध कमी आणि धान्य-फळं जास्त खायला सांगितलं.

गंमत अशी, की याच सात देशांच्या अभ्यासात ग्रीसचं क्रीट बेट होतं. तिथले शेतकरी ऑलिव्हचं तेल भरपूर खात; त्यांच्या आहारातल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे 40 टक्के स्निग्धातून येत. आणि हृदयविकार? सर्वांत कमी! म्हणजे खुद्द कीज यांच्याच आकड्यांत ‘कोणतं स्निग्ध’ हा प्रश्न होता, नुसता ‘किती’ हा नव्हता. पण लोकांपर्यंत पोचताना ‘कोणतं’ गळून पडलं आणि ‘स्निग्ध वाईट’ एवढंच उरलं. 1992 च्या सुमाराला अमेरिकेत चरबीमुक्त बिस्किटं दुकानांतून हातोहात खपू लागली. चरबी काढली, पण मैदा आणि साखर भरपूर. अमेरिकनांची वजनं वाढतच राहिली. दोष एकट्या बिस्किटांचा नाही, पण त्या बिस्किटांनी कुणी बारीक झालं नाही, हेही खरं.

पुढे मोठे प्रयोग झाले. इस्रायलमधल्या डिमोना गावी 322 जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष 2008 साली आले. कमी स्निग्धाचा आहार घेणाऱ्यांचं वजन सरासरी 2.9 किलो उतरलं. ऑलिव्हचं तेल आणि सुका मेवा असलेल्या भूमध्यसागरी आहारावर 4.4 किलो, आणि पिष्टमय पदार्थ कमी करणाऱ्यांचं 4.7 किलो. अमेरिकेत स्टॅनफर्डला 609 जणांवर वर्षभर प्रयोग झाला, तो 2018 चा. तिथे कमी स्निग्ध खाणाऱ्यांचं 5.3 आणि कमी पिष्ट खाणाऱ्यांचं 6 किलो उतरलं. म्हणजे म्हणावा असा फरक नाही. दोन्ही गटांना ताज्या भाज्या भरपूर खायला आणि साखर-मैदा टाळायला सांगितलं होतं.

स्पेनमध्ये तर सुमारे साडेसात हजार माणसांच्या प्रयोगात काही गटांना वर्षानुवर्षं ऑलिव्हचं तेल किंवा रोज मूठभर सुका मेवा दिला. त्यातल्या त्रुटी दुरुस्त करून 2018 साली निष्कर्ष पुन्हा छापले गेले, तेव्हाही हृदयविकार आणि पक्षाघात यांचं प्रमाण त्या मंडळींत कमीच दिसलं.

### चमचा आणि धार

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, चला, मग तळायला घ्या! थांबा. इथेच खरी गोम आहे.

एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन चार उष्मांक देतं. एक ग्रॅम स्निग्ध देतं नऊ. मग ते साजूक तूप असो, शेंगदाण्याचं तेल असो, की परदेशी बाटलीतलं महागडं ऑलिव्ह. ‘चांगलं’ तेल हृदयाला चांगलं असेल, पण वजनाच्या काट्याला सगळी तेलं सारखीच. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे 40 उष्मांक. मोठा चमचा म्हणजे 120. आणि आपल्या घरांत तेल चमच्याने कुठे पडतं? ते ‘धार’ धरून पडतं!

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘महिन्याला तेल किती आणता?’ मी सांगितलं, पाच लिटर सोयाबीन तेल आणि अर्धा किलो तूप. सोयाबीन हे तर आमच्या माळव्याचंच पीक. त्याची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच आहे. बाईंनी कागदावर हिशेब मांडला. चार माणसं, तीस दिवस : माणशी रोज साधारण 42 ग्रॅम. शिवाय बाहेरून येणारी शेव वेगळी. तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा अधिक, निव्वळ तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत 2000 उष्मांकांच्या आहारासाठी रोज 27 ग्रॅम तेल-तूप आणि त्याशिवाय 35 ग्रॅम दाणे, बदाम, तीळ अशा तेलबिया सांगितल्या आहेत. म्हणजे एका घरात दोन टोकं होती. लेक शून्यावर आणि बाकीचे दीडपटीवर!

लेकीला त्यांनी आखून दिलेला आहार इथे देते, कारण त्यात विकत आणण्यासारखं काहीच नव्हतं. सकाळी साधं दूध, दोन अक्रोड आणि पाच-सहा बदाम. नाश्त्याला एक चमचा तेलातले पोहे किंवा धिरडं. दुपारी दोन फुलके, भाजी, वाटीभर उसळ आणि दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. चार वाजता मूठभर फुटाणे-दाणे. रात्री वरण-भात, भाजी, ताक आणि वरणावर चहाचा एक चमचा साजूक तूप. जेवणाबरोबर एक चमचा जवसाची चटणी. जवसात ओमेगा-3 भरपूर असतं. विदर्भ-मराठवाड्यात ती चटणी पिढ्यान्‌पिढ्या ताटात आहे. मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारली यांतून ते अधिक चांगल्या रूपात मिळतं. दिवसाचं सुटं तेल-तूप सगळं मिळून चार चमचे, तेही मोजून.

लेकीने विचारलं, ‘तूप खाऊन वजन वाढणार नाही?’

बाई म्हणाल्या, ‘एक चमचा तुपात 45 उष्मांक. तू तेवढ्याला घाबरतेस आणि मग रात्री अकराला भूक लागली की चार मारी बिस्किटं खातेस, त्यांत शंभराच्या वर. स्निग्ध पोटातून सावकाश पुढे सरकतं. जेवण धरून राहतं. डाळ आणि तूप एकत्र पोटात गेलं, तर अकरा वाजता डबा उघडावासा वाटत नाही.’

तुपाबद्दल मात्र त्यांनी उगाच गोडवे गायले नाहीत. तुपात निम्म्याहून जास्त भाग संपृक्त स्निग्धाचा, खोबरेलात तर त्याहूनही जास्त. अशा स्निग्धातून दिवसाच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमीच यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 1500 उष्मांकांच्या आहारात ते होतात सुमारे 16 ग्रॅम, दूध-दह्यातलं धरून. चमचाभर तुपात साधारण तीन. तेव्हा एक-दोन चमच्यांना जागा आहे, पळीला नाही.

### ह्यांची कहाणी

आमच्या ह्यांचा प्रकार उलटा. वजन चौऱ्याऐंशी, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स 260. तरी हे निश्चिंत, कारण घरात ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलेलं तेल येतं. बाई हसल्या. ‘कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. डब्यावर लिहिलेलं खोटं नाही, पण त्यात कौतुकही नाही.’ आणि ट्रायग्लिसराइड्स वाढायला तेलाइतकीच, किंबहुना जास्त, साखर आणि मैदा जबाबदार. ह्यांची रविवारची जिलबी आणि रोजचे चार गोड चहा तिथे पकडले गेले.

सर्वांत वाईट म्हणजे वनस्पती तूप, आणि एकदा तळलेलं तेल पुन:पुन्हा तापवून वापरणं. वनस्पतीत तयार होणारी ट्रान्स स्निग्धं हृदयाच्या सरळ मुळावर येतात. आपल्या देशात 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या या स्निग्धांवर दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे. पण गाडीवरच्या कढईतलं तेल सकाळपासून कितव्यांदा उकळतंय, ते आपल्यालाच डोळ्यांनी बघावं लागतं. काळं, फेसाळलेलं, वास मारणारं असेल तर पुढे चालू लागावं.

आता आमच्याकडे तेलाच्या बरणीत चहाचा चमचा असतो. महिन्याला साडेतीन लिटरमध्ये भागतं. शेवेची बशी पाहुण्यांपुरती. ह्यांचे सहा महिन्यांत पाच किलो उतरले, उपाशी न राहता.

आणि लेक? नीट खायला लागल्यावर आधी दोन किलो वाढली. तेव्हा रडली. मग हळूहळू, महिन्याला अर्धा-पाऊण किलो असं उतरत लग्नाच्या आठवड्यात साठ किलोवर आली. ठरवलेल्यापेक्षा दोन किलो जास्त. पाळी तिसऱ्या महिन्यात पूर्ववत झाली. दुसऱ्या सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘वेळेवर आलात.’ सासूबाई पुन्हा नातीबरोबर जेवायला बसू लागल्या. आता त्या पळी आणत नाहीत, चमचा आणतात; पण वाढतात स्वतःच्याच हाताने.

मैत्रिणींनो, एवढंच सांगते. मधुमेह, हृदयविकार किंवा पित्ताचा त्रास असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच ताट बदला; दुसऱ्याचा कागद आपल्याला चालत नाही. पण ज्या कागदावर एक अख्खा अन्नपदार्थच ‘पूर्ण बंद’ लिहिलेला असेल, तो कागद आणणाऱ्या मुलीकडे जरा लक्ष ठेवा. न्हाणीघराची जाळी बघा. पाळीची तारीख विचारा. आणि ती चमचाभर तुपाला भिऊ लागली असेल, तर काट्यावरचे उतरलेले आकडे बघून खूश होण्याआधी तिला घेऊन डॉक्टरांकडे जा.